ट्रंकेतला लष्करी टोप: बरोबर सुटा भाग कसा ओळखायचा?

एसटीत बसलं की नेट जातं आणि भाग अर्धवट राहतो, अशी तुमची नेहमीची तक्रार. म्हणून या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे घाईत निघून गेलं, ते इथे जरा सावकाश मांडलंय.

विषय असा. घरातल्या जुन्या ट्रंकेत किंवा माळ्यावर लष्करी टोप सापडला. पट्टा तुटलेला, अस्तर फाटलेलं, एखादा स्क्रू गायब. तो नीट करायची हौस येते आणि आपण लगेच मोबाईलवर सुटे भाग शोधायला लागतो. भाग मिळतातही. पण मिळालेला भाग त्याच टोपाचा आहे का, हे कसं ठरवायचं? चुकीचा भाग बसवला की टोप दिसायला छान होतो, पण त्याची ओळख पुसली जाते.

परभणीत हे टोप आले कुठून?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कसले लष्करी टोप! तर बघा. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो परभणीचाच भाग. त्या हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात मिसळली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात संस्थानाच्या पलटणी परदेशी गेल्या. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात कोटा बारूला उतरल्या, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला हैदराबाद संस्थानाचं पायदळ होतं. मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, भारतीय सैन्य संस्थानात आलं. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या घरात टोप पोचायच्या वाटा पुष्कळ आहेत.

ढोबळमानाने तीन प्रकार हाती लागू शकतात. एक, साखळीची झालर असलेला जुना लोखंडी टोप. दोन, छावणीच्या काळातली शोल्याची हॅट, म्हणजे आपली सोला टोपी. तीन, दुसऱ्या महायुद्धातलं पसरट काठाचं, उलट्या परातीसारखं दिसणारं पोलादी हेल्मेट. तिसरा प्रकार भेटायची शक्यता जास्त, म्हणून सुरुवात तिथून.

आधी ठरवा: कोणत्या दिवशीचा टोप?

सुटे भाग शोधण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा टोप मला कोणत्या दिवशी होता तसा करायचाय?

कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा? की आजोबांनी तो ट्रंकेत ठेवला त्या दिवशीचा? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. ही हेल्मेटं वापरात असतानाच दुरुस्त व्हायची. पट्टा तुटला की भांडारातला दुसरा लागायचा, अस्तर कुजलं की नवं बसायचं. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात ती बरीच वर्षं चालली. त्यामुळे १९४२ च्या पोलादावर १९५० नंतरचा पट्टा असेल तर तो ‘चुकीचा’ म्हणून उपटू नका. कदाचित तो पट्टा लावूनच तुमच्या आजोबांनी नोकरी केली असेल. १९४२ चा कोरा पट्टा विकत आणून लावलात तर संग्राहक खूश होईल, पण आजोबांच्या नोकरीची खूण तुमच्याच हातून जाईल.

माझं मत विचाराल तर घरच्या टोपासाठी नियम सोपा: जे त्याच्यावर आहे ते बरोबर, जोवर ते नंतर कुणी हौसेने लावलंय हे सिद्ध होत नाही.

टोपालाच विचारा

आता ओळख. या हेल्मेटाची मूळ कल्पना जॉन लिओपोल्ड ब्रॉडी यांची, पेटंट १९१५ चं, लंडनचं. पत्रा मँगनीज मिसळलेल्या पोलादाचा. अगदी पहिल्या हेल्मेटांचा काठ उघडा होता, १९१६ पासून काठावर वेगळी पट्टी मुडपून बसवायला लागले. १९३८ ला आलं ‘मार्क टू’. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याने जे वापरलं ते मुख्यतः हेच. इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या फोटोंत दिसतं तेही हेच.

पहिल्या महायुद्धातल्या हेल्मेटात अस्तर माथ्याला रिव्हेटने पक्कं केलेलं असे. मार्क टूमध्ये ते माथ्यावरच्या एकाच स्क्रूने बसतं. अस्तर मेणकापडाचं, वर गादीसारखा फुलीच्या आकाराचा तुकडा. दोन्ही बाजूंना रिव्हेट केलेल्या कड्या आणि त्यांत हनुवटीचा पट्टा. सुरुवातीच्या पट्ट्यांत बाजूला स्प्रिंगा होत्या, नंतर ताणणारी पट्टी आली.

आणि इथेच आपल्याकडची खास गोष्ट येते. मार्क टू हिंदुस्थानातही बनलं आणि ते बनवणाऱ्यांत चक्क रेल्वेचे कारखाने होते. काठाच्या आतल्या बाजूला ठसा शोधा. ‘बीबी अँड सीआय’ दिसलं तर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. ‘ईआयआर’ म्हणजे ईस्ट इंडियन रेल्वे. सोबत बहुतेक वेळा वर्षही असतं. ठसा रंगाखाली बुजलेला असेल तर खरवडू नका. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. सावलीत अक्षरं उठून दिसतात.

भोकंही बोलतात बरं का. हिंदुस्थानी बनावटीच्या बऱ्याच हेल्मेटांच्या काठाला बारीक भोकं मुळातच असतात. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्यांना मागच्या काठाला तीन भोकं. ब्रिटनमध्ये मात्र काठाच्या भोकांचा अर्थ वेगळा: पत्रा चाचणीत कमी पडला, म्हणून हे हेल्मेट आघाडीवर न पाठवता नागरी संरक्षणाच्या लोकांना द्यायचं. तेव्हा ‘भोकं पडलीत’ म्हणून वेल्डरकडे नेऊ नका. तो दोष नाही, तो दाखला आहे.

स्क्रू फिरवण्याआधी थांबा

हा भाग मस्करीत घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०१४ ला तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने शाळांना सांगितलं की महायुद्धातले गॅस मास्क आणि जुनी हेल्मेटं मुलांच्या हातात देऊ नका, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हेल्मेटात ते अस्तरात असू शकतं. म्हणून भुगा होत असलेलं अस्तर झटकू नका, ब्रश मारू नका, डोक्यावर घालून रील तर अजिबात करू नका. तसंच ठेवून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर घासणंही नाही.

जुळतो की नाही? चार कसोट्या

समजा तुम्हाला एक अस्तर किंवा पट्टा मिळाला. विकणारा म्हणतो, ओरिजिनल आहे. चार गोष्टी तपासा.

पहिली, भोकं. मूळ भोकात भाग बसला पाहिजे. नवीन भोक पाडायची वेळ आली, तर तो भाग तुमच्या टोपाचा नाही. विषय संपला.

दुसरी, आटे. त्या काळच्या ब्रिटिश स्क्रूचे आटे आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू जबरदस्तीने फिरवला की मूळ नटाचे आटे मोडतात, आणि मग खरा स्क्रू मिळूनही उपयोग नाही. आयटीआय केलेला मित्र गाठा, व्हर्नियर कॅलिपर आणि आट्यांचं गेज घेऊन मोजा.

तिसरी, गंजाची सावली. पन्नास वर्षं कडी जिथे टेकली तिथे तिच्या आकाराचा डाग उरतो. आणलेला भाग त्या डागावर बसतो का बघा. बोटाएवढा सरकला तरी शंका घ्या.

चौथी, वर्षं. अस्तरावर माप आणि बऱ्याचदा वर्षही छापलेलं असतं. पत्रा १९४१ चा आणि अस्तर १९४२ चं असेल तर त्यात वावगं काही नाही. सगळं कसं जुळायचं हो! उलट सगळे भाग एकाच वर्षाचे, सारखेच कोरे, आणि पत्रा मात्र गंजलेला, असं दिसलं तर कुणीतरी ‘सेट’ बनवलाय.

साखळीचा टोप मिळाला तर?

हा फार जुना मामला. ‘जिरेटोप’ या शब्दातला ‘जिरे’ म्हणजे फारसी ‘जिरह’, म्हणजे साखळीचं चिलखत. आज जिरेटोप म्हटलं की महाराजांचं चित्रातलं शिरोभूषण डोळ्यांपुढे येतं, पण शब्दाच्या पोटात लोखंडी कड्या आहेत. अशा टोपाला मागे-बाजूला साखळीची झालर, नाकापुढे वर-खाली सरकणारी पट्टी, तुरा खोचायच्या नळ्या आणि आत रजईसारखं शिवलेलं सुती अस्तर.

इथे सगळ्यात जास्त घोळ कड्यांत होतो. जुन्या दख्खनी आणि मुघल कामात बऱ्याचदा कडीची टोकं चपटी करून, त्यांत भोक पाडून बारीक रिव्हेट ठोकलेली असते; एक ओळ अशी, एक ओळ बिनजोड कड्यांची. नंतरच्या काळात टोकाला टोक नुसतं भिडवलेल्या कड्याही आल्या, कधी लोखंडात पितळ आणि तांबं गुंफून नक्षी केलेली. म्हणजे ‘रिव्हेट नाही म्हणजे नकली’ हेही खरं नाही. तुमच्या झालरीतल्या शाबूत कड्या भिंगाखाली बघा. तारेची जाडी आणि कडीचा व्यास किमान दहा ठिकाणी मोजा, कारण हाताने केलेल्या कड्या सारख्या नसतात. नाटकाच्या पोशाखासाठी विकल्या जाणाऱ्या कड्या मात्र एकसारख्या, चकचकीत, स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या. त्या दुरूनही ओळखू येतात.

आणि कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेषात मोडते. ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. परदेशातल्या ‘एक्स्पर्ट’ने दुरुस्तीला कुरिअर करा म्हटलं तर फोटो पाठवा, टोप नाही.

शोधायचं कुठे?

भाग विकत घेण्याआधी डोळा तयार करा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हैदराबादला सालारजंग संग्रहालय, तिन्हीकडे जुनी शस्त्रं बघायला मिळतात. परभणीहून हैदराबादला रेल्वेने थेट जाता येतं. नाकपट्टी कशी अडकवलीय, झालर कुठल्या भोकांत ओवलीय, हे तासभर बघा. त्या तासाने पुढचे हजारो रुपये वाचतात.

बाजार म्हणाल तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार. ऑनलाइनही भरपूर. पण एक माहीत असू द्या: जगभरच्या हौशी लोकांसाठी जुन्या धाटणीची हेल्मेटं आणि चिलखतं बनवणारे कारखाने आपल्याच देशात, रुरकी-डेहराडूनकडे आहेत. ते नक्कल म्हणूनच विकतात, त्यांचं काही चुकत नाही. दोन हात पुढे गेल्यावर तीच वस्तू चहाच्या पाण्यात बुडवून ‘दुसऱ्या महायुद्धातली’ होते. म्हणून विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचे, ठशाचे, शिवणीचे फोटो मागा. फक्त समोरून काढलेला एकच फोटो असेल तर सोडून द्या.

नाहीच मिळाला तर

तर नाही! रिकामी जागा ही लाज नाही. पण टोप दाखवायला ठेवायचाय आणि पट्टा हवाच, तर नवा बनवून घ्या. चामड्याचं काम करणारा आपला गावचा कारागीर उत्तम करून देईल. मात्र तीन अटी. भाग काढता यावा असा बसवा. त्याच्या आतल्या बाजूला, सहज न दिसेल पण शोधल्यावर सापडेल अशा जागी ‘नवीन’ आणि साल लिहा. आणि काढलेला जुना तुकडा, कितीही कुजलेला असो, पिशवीत घालून टोपासोबतच ठेवा. चामडं मऊ करायला खोबरेल चोपडू नका. ते खवट होतं, धूळ धरतं आणि आपल्या उन्हाळ्यात आणखी कडक करून सोडतं.

हे सगळं कशासाठी? कारण टोप पुढे जाणार आहे. तुमच्यानंतर तो कुणाच्या तरी हातात पडेल. त्याला ठसा, भोकं आणि गंज वाचून कळलं पाहिजे की हा पत्रा कुठल्या रेल्वे कारखान्यात दाबला गेला आणि तो कुणी वापरला. आपण नकळत घुसवलेला एक चुकीचा स्क्रू त्याला खोटं सांगेल, आणि तेव्हा खरं सांगायला आपण नसू.

तर या आठवड्यात एकच काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारा, हा टोप कुणाचा, कधी आला, कुणी वापरला. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, तारीख बोला, आणि ती फाइल टोपाच्या फोटोंसोबत जपा. पट्टा बाजारात आज ना उद्या मिळेल. ही माहिती मात्र आजीकडेच आहे.

भेटू पुढच्या भागात!