अपुऱ्या ग्रंथांच्या धनिणी

एखादा थोर माणूस ग्रंथ अर्ध्यावर टाकून गेला, तर तो पुरा कोणी करायचा? आपली नजर शिष्यांकडे वळते. घरातल्या बाईकडे सहसा कोणी पाहत नाही.

मराठीत मात्र असे घडले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले, आणि १९१९ साली ते गेले. पुढचे ६४ अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी! अक्षरओळखही ज्यांना लग्नानंतर झाली, त्या बाईंनी! ग्रंथ निघाला १९३८ साली. लक्ष्मीबाई दोन वर्षे आधीच निवर्तल्या होत्या.

याला जोड शोधायची तर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात जावे लागते. मेरी सिडनी ही पेंब्रोकची काउंटेस, बड्या सरदाराची पत्नी. तिचा कवी भाऊ फिलिप १५८६ साली लढाईतल्या जखमेने वारला. बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी ४३ स्तोत्रे त्याने इंग्रजी पद्यात आणली होती. उरलेली १०७ मेरीने नाना छंदांत रचली. शिवाय फ्रेंच नाटकाचे भाषांतर केले, विल्टनच्या वाड्यात कवींना आश्रय दिला. ती स्तोत्रे मात्र हस्तलिखितांतूनच फिरत राहिली. छापली गेली ती १८२३ साली.

टिळकांकडे वाडा नव्हता, पण आश्रय होता. आमच्या खानदेशातल्या धरणगावी जन्मलेले त्र्यंबक ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ अहमदनगरला त्यांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले.

मी नंदुरबार जिल्ह्यात मराठी शिकवते. माझ्या कित्येक विद्यार्थिनींच्या घरी भिली, पावरी नाहीतर अहिराणी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी ‘ख्रिस्तायना’ची हकीकत सांगितली, तेव्हा एकीने विचारले, “मॅडम, जास्त अध्याय बाईंचे, मग महाकाव्य टिळकांचे कसे?”

मी म्हटले, “आरंभ टिळकांचा, तो मान त्यांचाच. पण नुसत्या आरंभाने ग्रंथ होत नाही.”

लक्ष्मीबाईंना आपण आत्मचरित्रासाठी ओळखतो. महाकाव्याची कवयित्री म्हणून त्यांचे नाव क्वचितच घेतो. वाचकहो, यापुढे ‘ख्रिस्तायना’चा विषय निघाला, तर दोन्ही नावे घ्या. त्या मुलीने मागितले ते एवढेच.