बरसीम : जमीन सुधारतं ते कोण?

मंडळी, बरसीमला आपण 'जमीन सुधारणारं पीक' म्हणतो. या वाक्यातला कर्ता कोण, हे आज तपासू. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, की ही खोड जात नाही.

बरसीम मूळचं इजिप्तकडचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिंधमध्ये आलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुढे ते पंजाबच्या कालव्यांवर फोफावलं.

हवेतला नत्र झाड स्वतः घेत नाही. तो घेतात मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हे १८८०च्या दशकात दाखवलं. आता आपल्या बुलढाण्यात जिकडेतिकडे सोयाबीन. मग वाटतं, जिवाणू जमिनीत आहेतच की! पण सोयाबीनचा जिवाणू बरसीमला चालत नाही. म्हणून पहिल्यांदा पेरताना खास बरसीमचं रायझोबियम बियाण्याला चोळायचं. महिनाभराने रोप उपटून गाठ फोडायची. आत गुलाबी दिसली, तर काम सुरू आहे.

आणि तरीही जमीन सुधारेलच असं नाही. का? कारण आपण भारे कापून गोठ्यात नेतो, आणि बराचसा नत्र भाऱ्याबरोबर जातो. मागे राहतात मुळं नि धसकटं. शेणखत त्या शेतात परत गेलं तर ठीक. गोवऱ्या थापल्या तर नत्र चुलीत गेला. तेव्हा कर्ता एकटं बरसीम नाही. गुरं आहेत, उकिरडा आहे, आपण आहोत.

आता पाण्याचं बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं, की साधारण ५० दिवसांनी पहिली कापणी, मग दर २५-३० दिवसांनी. पण पाणी दर १०-१५ दिवसांनी लागतं. हरभरा एक-दोन पाण्यांत निघतो. एकाच विहिरीवर दोन्ही असतील, तर आम्ही म्हणू, आधी हरभरा. खडकपूर्णा किंवा पेनटाकळीचं पाणी मिळतं त्यांनी दुभत्या जनावरापुरते पाच-दहा गुंठे जरूर करावेत. शेगाव-संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात मात्र विहिरीच्या पाण्यावर नकोच. पीक थोडा खार सोसेल, पण त्या पाण्याने काळी जमीन आणखी बिघडते.

एक राहिलं. दव पडलेलं कोवळं बरसीम उपाशी गाईपुढे टाकू नका, पोट फुगतं. जनावर दगावूही शकतं. आधी कडबा किंवा कुटार द्या, मग त्यात मिसळून बरसीम.