अरण्याचे राखणदार

चंद्रपूर जिल्ह्यात, साग आणि बांबूच्या दाट वनात, ताडोबा नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी तारू देवाचे स्थान आहे. तारू हा पूर्वी येथील एका गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि पुढे गोंड लोक त्याला देव मानून पुजू लागले, अशी या भागातील परंपरागत कथा आहे. त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव पडले, असे सांगतात. १९५५ साली या वनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आजच्या महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य घोषित झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला.

येथे दूरदूरचे प्रवासी येतात ते वाघ पाहण्यासाठी. वाघ दिसला की गाड्या थांबतात आणि सर्वांच्या नजरा झुडपाकडे लागतात. त्याच वाटेच्या कडेने खाकी पोशाखातील एखादा माणूस हातात काठी घेऊन चालत जात असतो. त्याच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. हा वनरक्षक होय. विदर्भातील जुनी माणसे त्याला नाकेदार म्हणत.

एवढे मोठे अरण्य राखावयाचे, तर त्याचे भाग पाडावे लागतात. सर्वांत लहान भागाला नियतक्षेत्र किंवा बीट असे म्हणतात, आणि प्रत्येक नियतक्षेत्र एकेका वनरक्षकाकडे सोपविलेले असते. अशा काही नियतक्षेत्रांवर वनपाल देखरेख करतो, आणि त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी असतो. लोक त्याला रेंजर म्हणून ओळखतात. याहून वरची अधिकाऱ्यांची उतरंड येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. वनरक्षकाच्या निवडीची एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी झाली, तरी उमेदवाराला आणखी एक कसोटी द्यावी लागते. पुरुषाने चार तासांत २५ किलोमीटर आणि स्त्रीने १६ किलोमीटर चालून दाखवावयाचे असते. ही कसोटी मोठी समर्पक आहे. कारण पुढे साऱ्या नोकरीभर त्याला हेच करावयाचे असते.

सकाळी उजाडताच वनरक्षक गस्तीला निघतो. सोबत बहुधा जवळच्याच गावचा एखादा वनमजूर असतो. दोघे फारसे बोलत नाहीत. धुळीची वाट ही त्यांच्या दृष्टीने पाटीसारखी असते. रात्री कोण कोण येऊन गेले, ते तिच्यावर लिहिलेले असते. अस्वलाने वारूळ उकरलेले दिसते, सांबराच्या खुरांचे ठसे पाण्याकडे गेलेले दिसतात. वाघाचा मागच्या पायाचा ठसा चौरसासारखा असेल तर तो बहुधा नराचा, आणि लांबट असेल तर मादीचा, हेही त्याला ठाऊक असते. मध्येच झाडावरून वानर खेकसते, चितळ तीक्ष्ण आवाज काढते, आणि दोघेही जागच्या जागी थांबतात. वाघ किंवा बिबट्या जवळ असल्याची ती वर्दी असते. ही विद्या पुस्तकातून थोडी आणि रानात जन्मलेल्या माणसांकडून पुष्कळ शिकावी लागते. मराठीतील विख्यात अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून आयुष्य अरण्यात घालविले. पक्ष्यांची आणि वृक्षांची कितीतरी नावे आपण आदिवासींकडून शिकलो, हे ते आवर्जून सांगत.

पूर्वी वाघांची मोजदादही ठशांवरूनच होत असे. ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घेत, किंवा प्लॅस्टरचा साचा काढीत. परंतु एकाच वाघाचा ठसा चिखलात एक आणि वाळूत दुसराच उमटतो. त्यामुळे या पद्धतीत चुका होत. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे बांधतात. माणसांच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते, म्हणून छायाचित्रांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. तथापि कॅमेरे कोठे बांधावेत हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी आधी कोणाला तरी पायी हिंडून वाघाच्या खुणा शोधाव्या लागतात.

याच गणनेच्या तयारीत २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात एक दुःखद घटना घडली. एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह सकाळी खुणांची नोंद घेत पायी चालली होती. पुढे वाटेवर एक वाघीण दिसली. ती निघून जावी म्हणून सर्वजण सुमारे अर्धा तास थांबले. नंतर तिला त्रास न देता, दाट झाडीतून वळसा घेऊन पुढे जावे, असा प्रयत्न त्यांनी केला. वाघिणीला चाहूल लागली आणि तिने वनरक्षक महिलेवर झेप घेतली. तीत त्या कर्तव्यनिष्ठ स्त्रीचा अंत झाला. त्यानंतर तेथील पायी गणना काही काळ थांबविण्यात आली.

वाघाची भीती केव्हातरीची. माणसांशी मात्र रोजचाच संबंध. अरण्याच्या सीमेवर गावे आहेत, शेते आहेत. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत उभे पीक उद्ध्वस्त करतात. अशा वेळी एखादा शेतकरी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतो. तार डुकरासाठी असते, पण अंधारातून येणारा वाघही तिला चिकटून मरतो. माणसेही मेली आहेत. म्हणून वनरक्षकाला रात्री शेतांच्या बांधांवरूनही फिरावे लागते. कोणाचा बैल वाघाने मारला, तर पंचनाम्यासाठी त्याला तत्काळ जावे लागते. शासन नुकसानभरपाई देते, परंतु ज्याच्या दावणीचा बैल गेला त्याचा संताप कागदाने लगेच शमत नाही. त्या संतापात कोणी मेलेल्या जनावरावर विष टाकले, तर उरलेले मांस खाण्यास परतलेला वाघ प्राणास मुकतो. म्हणून वनरक्षकाने किती लवकर यावे आणि काय बोलावे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. गावकऱ्यांनी त्याला दोन शब्द सुनावले, तर ते त्याने मुकाट्याने ऐकून घेतलेलेच बरे.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ वनविभाग वणव्याचा काळ मानतो. तत्पूर्वीच वाटांच्या आणि सीमांच्या कडेचे गवत रुंद पट्ट्यांत कापून, ते काळजीपूर्वक जाळून टाकतात. या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. आग तेथवर आली की तिला पुढे खाण्यास काही उरत नाही. तरीही वणवे लागतातच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती पाचोळ्यात दिसेनाशी होतात, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, आणि ती ठिणगी वाऱ्याबरोबर रानभर पसरते. मोहाची फुले हा गरिबांच्या उपजीविकेचा आधार असल्यामुळे त्यांना हुसकावून लावणे न्याय्य नव्हे. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून घ्यावा, किंवा झाडाखाली जाळी अंथरावी, असे वनरक्षक त्यांना दारोदार जाऊन विनवितो.

आता उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर येते. पण ती विझविण्यास माणसांनाच धावावे लागते. चंद्रपूरचे तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्याही वर जाते. त्या उन्हात ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपायच्या, यंत्राच्या झोताने पाचोळा बाजूस सारायचा, आणि आग फारच भडकली तर तिच्या वाटेतले गवत आधीच जाळून तिला अडवायचे. हा शेवटचा उपाय अनुभवी माणसानेच करावा. वारा फिरला तर तो जिवावर बेततो. मोठे साग अशा आगीतून सहसा वाचतात. जळतात ती कोवळी रोपे, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी आणि चितळांचे गवत.

याच दिवसांत ओढे आटतात. पाणवठ्यांवर पाणी आहे की नाही, ते रोज पाहावे लागते. काही ठिकाणी सूर्याच्या शक्तीवर चालणारे पंप बसविले आहेत, त्यांची देखभाल करावी लागते. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री निसर्गप्रेमी लोक पाणवठ्याजवळील मचाणांवर बसून, पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजणी करतात. प्रत्येक मचाणावर पाहुण्यांसोबत वनखात्याचा एक माणूस असतो. चांदण्यात गवे येतात, अस्वल पिलांना पाठीवर घेऊन येते. कधी रात्रभर एक रानडुकरांचा कळप तेवढा दिसतो. पहाटे पाहुणे गाड्यांत बसून परततात. वनरक्षक मोजणीचा कागद वनपालाच्या हवाली करतो, बाटली पाण्याने भरून घेतो, आणि रात्री पाणवठ्यावर कोणाचे ठसे उमटले आहेत ते पाहण्यासाठी पुन्हा खाली वाकतो.