दार लावले, तरी वास जातोच

घरात कुत्रा आणि कुत्री एकत्र वाढत आहेत आणि नसबंदी एकाचीही झालेली नाही? मग हा हिशेब ध्यानात ठेवा. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि माज सुमारे ३ आठवडे टिकतो. आरंभी रक्तस्राव होतो, पण ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिका पडतो. ‘संपले एकदाचे!’ म्हणून आपण दोघांना मोकळे सोडतो, आणि गर्भधारणेचे दिवस बहुधा नेमके तेच! ती सख्खी भावंडे असली तरी निर्धास्त राहू नका. मधले दार पुरत नाही. विसरण तुम्ही शिकलाच आहात. गंधाचे रेणू फटीतून पलीकडे पोचतात, आणि कुत्रा अन्न सोडून दाराशी विव्हळत बसतो. तेवढे दिवस एकाला नातलगांकडे धाडणेच बरे. नाहीतर सुमारे ६३ दिवसांनी पिल्ले!