विटकरी रंगाची हुमणी

कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसकऱ्याला ही खूण पाठ आहे. भर पावसाळ्यात हिरव्यागार फडातलं एखादं बेट पिवळं पडतं. ऊस ओढला की अलगद हातात येतो, कारण मुळं उरलेलीच नसतात. खाली मातीत अर्धवर्तुळात वळलेली पांढरी हुमणी असते. वरून ओतलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड. तिला गाठायला मातीतच वावरणारा वैरी हवा.

तो वैरी सापडला सातासमुद्रापार. 1916 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जपानी भुंगेरा आढळला. हा हुमणीच्याच गोतावळ्यातला, आणि त्याच्याही अळ्या मातीत राहून मुळं खाणाऱ्या. 1929 मध्ये तिथल्या टॅव्हिस्टॉक गोल्फ मैदानावर रुडॉल्फ ग्लेझर यांना या अळ्यांमध्ये धाग्यासारखे सूक्ष्म सूत्रकृमी दिसले. अळ्या मारणारे तेच होते! ग्लेझर यांनी ते कृत्रिम अन्नावर वाढवले आणि मैदानांत सोडले. पण त्यांचा भरवसा येईना. पुढे रासायनिक कीडनाशकांची लाट आली आणि हे काम मागे पडलं.

त्यांचा भरवसा का येत नव्हता, हे कोडं सुटायला 1965 साल उजाडलं. त्याच गटातल्या एका सूत्रकृमीच्या आतड्यात जॉर्ज पॉइनार आणि थॉमस यांना एक नवा जिवाणू सापडला. सूत्रकृमी अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनरंध्रातून आत शिरतो आणि हा जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. जिवाणू वाढतो, दोन दिवसांत अळी मरते आणि तिच्यावर सूत्रकृमीची पिढी पोसली जाते. मारेकरी एकटा नव्हता, जोडी होती. ते कृत्रिम अन्न नासू नये म्हणून ग्लेझर यांनी त्यात जंतुनाशकं घातली होती. त्यांनी नकळत त्या जोडीतला अर्धा भागच पुसून टाकला होता.

1992 मध्ये याच पॉइनार यांनी करुणाकर आणि डेव्हिड यांच्यासह कोइमतूरच्या एका नव्या सूत्रकृमीची नोंद केली: हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. आपल्या उष्ण मातीत टिकणारा, आपल्याच मातीतला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने पुढे त्याची पाण्यात कालवून वापरायची भुकटी तयार केली. याच्या जिवाणूने मारलेली हुमणी काळी पडून सडत नाही, ती विटकरी लाल होते.

हे औषध जिवंत आहे, त्याला जिवंत प्राण्यासारखंच सांभाळायला हवं. ऊन आणि कोरडी माती त्याला मारते. म्हणून जमिनीत ओल असताना, हुमणी लहान असतानाच, संध्याकाळी ते मुळाशी द्यावं. आणि खणताना विटकरी हुमणी दिसली, तर ती बांधावर फेकू नका. तिच्यातून हजारो सूत्रकृमी बाहेर पडायचे असतात. तिला तिथेच मातीत राहू द्या.