छोटा एम, मोठा एम

मंडळी, फळ्यावर दोन अक्षरं लिहितोय. एक स्मॉल एम, एक कॅपिटल एम. इंग्रजीच्या पेपरात एवढ्यावरून फार तर अर्धा मार्क जाईल. विजेत काय होतं, ते बघा.

स्मॉल एम म्हणजे मिली, हजारावा भाग. कॅपिटल एम म्हणजे मेगा, दहा लाख पट. दोघांत फरक एक अब्ज पटीचा! समजा, नव्या घराचं वायरिंग झालं, वायरमनने मेगर लावून इन्सुलेशन तपासलं. रीडिंग आलं 5 मेगाओहम. त्यातून 230 व्होल्टला गळती होणार फक्त 46 मायक्रोअँपिअर. पण रिपोर्टात त्याने स्मॉल एम लिहिला. झाले 5 मिलिओहम, आणि त्याच हिशेबाने करंट 46,000 अँपिअर. म्हणजे सरळ शॉर्टसर्किट! तुम्ही म्हणाल, जाणकार माणूस समजून घेईल. इथे घेईलही. पण त्याच रिपोर्टात अर्थिंगच्या जोडाचा रोधही असतो आणि तो मिलिओहममध्येच यायला हवा. तिथे कॅपिटल एम दिसला तर? जोड तुटलाय की लिहिणाऱ्याचा हात चुकलाय, हे कागदावरून कळत नाही. परत जाऊन मोजावं लागतं.

किलोचा के मात्र नेहमी स्मॉल. कॅपिटल के म्हणजे केल्विन, म्हणजे तापमान. तुमच्या बिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. त्यात के स्मॉल, डब्ल्यू कॅपिटल, एच स्मॉल. डब्ल्यूला मोठेपण मिळालं ते जेम्स वॉटच्या नावामुळे. व्होल्टचा व्ही आणि अँपिअरचा ए यांचंही तसंच. आकडा आणि एकक यांत जागा सोडायची. उपसर्ग आणि एकक यांत नाही.

आता मायक्रो. एम मिलीने घेतला, म्हणून याला ग्रीक म्यू दिला. तो साध्या कीबोर्डवर सापडत नाही, मग लोक स्मॉल यू टाइप करतात. माझी त्याला फारशी हरकत नाही, निदान दुसऱ्या उपसर्गाशी घोटाळा होत नाही. पण पंख्याचा कंडेन्सर बघा, त्यावर बऱ्याचदा ‘2.5 एमएफडी’ छापलेलं असतं, तेही सगळं कॅपिटलमध्ये. नियमाने वाचलं तर मेगाफॅरड! तो असतो मायक्रोफॅरड. दुकानदाराला हे पाठ असतं, म्हणून पंखा फिरतो.

आणि उपसर्गावर उपसर्ग चढवायचा नाही. जुन्या रेडिओच्या सर्किटात मायक्रोमायक्रोफॅरड लिहिलेलं सापडलं, तर तो आजचा पिकोफॅरड.