जुन्या जाहिरातीला नवा आवाज

तयार जाहिरातीला नवा ध्वनिपट देताना चित्र जागचे हलत नाही; आवाजालाच त्याच्या मापात बसावे लागते. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर ३० सेकंदांत ७५० चौकटी होतात. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर भरणाऱ्या जोतिबाच्या चैत्र यात्रेची दृश्ये असतील, सासनकाठ्या नाचत असतील, तर हलगी, पिपाणी आणि ‘चांगभलं’चा गजर हवाच. कीबोर्डवरची हलगी कोल्हापूरकरांच्या कानाला लगेच खोटी लागते. खरी हलगी आधी जाळावर शेकतात. कातडे ताणले की ठोका कडक उमटतो. मायक्रोफोन १४ मीटरवर असेल, तर तो ठोका सुमारे एक चौकट उशिरा पोहोचतो. मग सासनकाठीच्या हालचालीशी जुळेल एवढा तो अलीकडे ओढतात. निवेदनाच्या ओळीखाली वाद्ये उतरवतात, गजर मात्र पूर्ण मोकळा सोडतात.